चिपचा कारखाना आणि शिकलेला हात

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या जहाजावर चढलेल्या मराठी मजुरापाशी विकण्यासारखी वस्तू एकच होती, ती म्हणजे त्याच्या अंगातील बळ. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून तो निघे. महिना पाच रुपये वेतन, शिधा, आणि कामावर एक दिवस न आल्यास दोन दिवसांच्या वेतनाची कपात, असा तो व्यवहार होता. जमिनीतील दगड वेचून मळा साफ करावा, ऊस लावावा व ऊस तोडावा, हे काम त्याने हाडाची काडे करून केले. मॉरिशसच्या मळ्यांतून आजही दिसणाऱ्या काळ्या दगडांच्या राशी त्या श्रमाची साक्ष देतात. परंतु मळेवाल्यापुढे ताठ मानेने उभे राहून आपली किंमत सांगता यावी, अशी विद्या त्या श्रमांतून त्याच्या हाती आली नाही. एक मजूर गेला तर त्याच्या जागी दुसरा आणता येत असे. कारण बळ पुष्कळांपाशी असते.

आज ज्या प्रदेशाला संयुक्त अरब अमिरात म्हणतात, तेथील किनाऱ्यावर याच काळी दुसऱ्या प्रकारचे बंधन नांदत होते. मोत्यांसाठी समुद्रात बुडी मारणारे पाणबुडे हंगामापूर्वी नावेच्या धन्याकडून उचल घेत. कोकणच्या माणसाला ठाऊक असलेला नाखवा तेथे ‘नाखुदा’ या नावाने वावरत होता. हंगामाच्या अखेरीस हिशेब होई, तेव्हा घेतलेली उचल बहुधा फिटलेली नसे आणि पाणबुडा पुढील वर्षासाठी पुन्हा त्याच नावेशी बांधला जाई. बाप मेला तर ते कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. १९३० नंतरच्या दशकात जपानी कृत्रिम मोत्यांनी व जागतिक मंदीने हा धंदा बसविला. अबुधाबीचे खनिज तेल १९६२ साली प्रथम परदेशी गेले आणि १९७१ च्या डिसेंबरात अमिरातींचे संघराज्य स्थापन झाले. एका पिढीच्या आयुष्यात एवढे स्थित्यंतर फार थोड्या देशांनी पाहिले असेल.

कराराने बांधलेल्या मजुराचे पणतू आणि कर्जाने बांधलेल्या पाणबुड्याचे पणतू यांच्यापुढे आज एकच प्रश्न उभा आहे. यंत्रयुगाच्या या टप्प्यावर आपल्या मुलांच्या हातात कोणती विद्या द्यावी, की जी त्यांची स्वतःची राहील? या प्रश्नाचे एक उत्तर चिपच्या कारखान्यातील तंत्रज्ञाच्या शिक्षणात सापडते, आणि अबुधाबीने या बाबतीत केलेला प्रयत्न मनन करण्यासारखा आहे.

धन आले, हात कोठून आणावे?

तेलाचे धन येण्यापूर्वीच या किनाऱ्यावर धंदेशिक्षणाचे बीज पडले होते. शारजा येथे १९५८ साली धंदेशिक्षणाची एक लहानशी शाळा उघडली. पुढे १९८८ साली ‘हायर कॉलेजेस ऑफ टेक्नॉलॉजी’ ही संस्था अबुधाबी व अल ऐन या दोन शहरांत मुलांची व मुलींची स्वतंत्र महाविद्यालये काढून सुरू झाली आणि नंतर इतर अमिरातींत पसरली. प्रामुख्याने अमिराती नागरिकांसाठी स्थापन झालेल्या या महाविद्यालयांचा हेतू अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांच्या हेतूशी मिळताजुळता होता. घराजवळ राहून विद्यार्थ्याने प्रत्यक्ष कामाचे शिक्षण घ्यावे आणि त्यातून देशाला लागणारी कुशल माणसे तयार व्हावीत, हा तो हेतू.

२००८ साली अबुधाबी सरकारने ‘ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी इन्व्हेस्टमेंट कंपनी’ नावाची संस्था स्थापिली. तेल एक दिवस संपणार, त्यापूर्वी दुसरा उद्योग उभा राहिला पाहिजे, ही त्यामागील दूरदृष्टी होती. अमेरिकेतील एएमडी ही कंपनी आपले चिपचे कारखाने वेगळे करू पाहत होती. तिच्याशी करार होऊन २००९ च्या मार्चमध्ये ‘ग्लोबलफाउंड्रीज’ ही नवी कंपनी उदयास आली. इतर कंपन्यांनी आखलेल्या चिप मोबदला घेऊन तयार करून देणे हा तिचा व्यवसाय होय. जर्मनीतील ड्रेस्डेनचे कारखाने तिला वारशाने मिळाले. सिंगापूरची चार्टर्ड सेमिकंडक्टर ही कंपनी विकत घेण्याचा करार त्याच वर्षी झाला आणि न्यूयॉर्क राज्यातील माल्टा नावाच्या गावी नव्या कारखान्याची पायाभरणीही २००९ मध्येच झाली. अशा रीतीने वाळवंटातील एक राज्य अल्पावधीत जगातील मोठ्या चिप-कारखानदारांच्या पंक्तीत जाऊन बसले.

अबुधाबीतच, विमानतळाजवळ, असा एक कारखाना काढण्याची योजना २०१० साली जाहीर झाली. इमारत बांधता येते, यंत्रे विकत आणता येतात. परंतु ती यंत्रे रात्रंदिवस चालविणारी माणसे देशात नव्हती. ती तयार करण्यासाठी अबुधाबीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्यात आल्या, आणि त्यांपैकी काहींना ड्रेस्डेनच्या कारखान्यात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी पाठविण्यात आले. ज्यांच्या घरी कारखान्याचा भोंगा कोणी कधी ऐकला नव्हता, अशी तरुण मुले व मुली एल्ब नदीच्या काठी थंडीत कुडकुडत पाळीवर जाऊ लागली.

निर्धूळ दालनातील काम

या मुलांना तेथे काय शिकावे लागले, हे कळण्यासाठी चिप कशी तयार होते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. शुद्ध सिलिकनच्या कांडीचे पातळ काप करून ते आरशासारखे चकचकीत घासतात. अशा एका चकतीचा व्यास आधुनिक कारखान्यात ३०० मिलिमीटर, म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जेवणाच्या ताटाएवढा असतो. भट्टीत सुमारे हजार अंश तापमानाला तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवितात. त्यावर प्रकाशाने बदलणारा लेप देतात, आणि आराखड्याची छाया पाडून नक्षी उमटवितात. नको असलेला भाग वायूंच्या ज्योतीसदृश प्लाझ्माने कोरून काढतात. विद्युत्‌भारित अणूंचा मारा करून सिलिकनचे गुणधर्म हवे तेथे बदलतात आणि धातूचे बारीक मार्ग अंथरतात. हे चक्र पुन्हा पुन्हा फिरते. शेकडो क्रिया पूर्ण होऊन एक चकती बाहेर पडण्यास दोन-तीन महिने लागतात आणि तिच्यावर शेकडो चिप तयार झालेल्या असतात. डोक्यावरील एका केसाच्या जाडीत या नक्षीच्या हजाराहून अधिक रेषा शेजारी शेजारी बसू शकतात.

एवढ्या बारीक कामाचा वैरी म्हणजे धूळ. साध्या खोलीतील एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे सुमारे ३ कोटी ५२ लाख कण असू शकतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पाचव्या वर्गाच्या निर्धूळ दालनात त्यांची संख्या ३,५२० च्या वर जाता कामा नये. वाळूची वादळे ज्या देशाच्या पाचवीला पुजलेली, त्या देशाने हा उद्योग मनात आणावा ही गोष्ट लहान नव्हे. पण दालनाला बाहेरच्या वाळूपेक्षा आत येणाऱ्या माणसाचे भय अधिक असते. त्याच्या त्वचेचे कण, केस, कपड्यांचे तंतू आणि श्वासातील तुषार हे सर्व चकतीचे शत्रू आहेत. म्हणून पहिला धडा कपडे घालण्याचा असतो. टोपडे, मुखपट्टी, अंगरखा, जोडे आणि हातमोजे ठराविक क्रमाने घालावयाचे, अंगरख्याचे टोक जमिनीला लागू द्यावयाचे नाही, आत धावावयाचे नाही आणि हातवारे करावयाचे नाहीत. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरातील आजीला हा क्रम चटकन समजला असता. ज्या भागात प्रकाशाने नक्षी उमटवितात, तेथे दिवे पिवळे असतात. कारण निळ्या प्रकाशाने तो लेप बिघडतो. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत, त्या पिवळ्या उजेडात, बाहेर दिवस आहे की रात्र याचे भान न ठेवता काम चालते.

चकत्या एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे नेण्याचे काम आता बहुतांशी यंत्रेच करतात. मग तंत्रज्ञाने काय करावयाचे? त्याने यंत्राची प्रकृती सांभाळावयाची. वैद्य नाडी पाहतो त्याप्रमाणे तो पंपाचा आवाज, वायूचा प्रवाह, भट्टीचे तापमान आणि निर्वात कक्षातील दाब पाहत असतो. बिघाड होण्यापूर्वीच सुटे भाग बदलणे, साफसफाई करणे, यंत्र पुन्हा जुळवून चाचणी घेणे आणि मगच ते कामाला सोडणे, हा त्याचा नित्यक्रम होय.

शिक्षणाचा क्रम

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात या विषयाची पदवी साधारणपणे दोन वर्षांत मिळते. जर्मनीत ‘मिक्रोटेक्नोलोगे’ हा १९९८ पासून मान्यता पावलेला व्यवसाय असून त्याची उमेदवारी तीन वर्षांची असते. त्यात काही दिवस शाळेत व काही दिवस कारखान्यात जातात आणि उमेदवाराला पहिल्या दिवसापासून वेतन मिळते. पद्धती दोन असल्या तरी शिक्षणाचा गाभा एकच आहे.

आरंभ गणिताने होतो. दशांश, घातांक, आलेख आणि त्रिकोणमिती यांत जो कच्चा राहिला, त्याला पुढे पावलोपावली अडखळावे लागते. त्यानंतर विद्युत्‌मंडलांचा अभ्यास येतो. ओहमचा नियम, एकदिश व प्रत्यावर्ती प्रवाह, मोजमापाची साधने, आणि आराखडा वाचून दोष कोठे आहे ते शोधण्याची रीत विद्यार्थी शिकतो. पाठोपाठ रसायनशास्त्र, दाबाखालील हवेने चालणारी यंत्रे, यांत्रिक हात व त्यांचे नियंत्रण हे विषय येतात.

निर्वाताचे शास्त्र हा या विद्येचा कणा मानावा लागेल. पंपाने कक्षातील हवा काढून घेतली, तरी एखाद्या जोडातून ती केसाएवढ्या फटीतून आत शिरते आणि सारी क्रिया बिघडते. ती फट डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा तंत्रज्ञ संशयित जोडाभोवती हेलियम वायूची बारीक फुंकर सोडतो आणि आतल्या बाजूला जोडलेले उपकरण त्या वायूची चाहूल घेते. या कामात घाई करणारा माणूस फसतो. वरून खाली, एकेका जोडापाशी थांबत, मनात हिशेब ठेवीत जाणाऱ्यालाच फट सापडते. ही सवय पुस्तकातून लागत नाही; अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहूनच ती अंगी बाणते.

सुरक्षिततेचे शिक्षण तितकेच कडक असते. सिलेन हा वायू हवेचा स्पर्श होताच पेट घेऊ शकतो. आर्सीन व फॉस्फीन हे वायू जीवघेणे विषारी आहेत. हायड्रोफ्लोरिक आम्ल अंगावर पडले तर प्रारंभी कधी कधी वेदनाही होत नाही, आणि तोवर ते त्वचेतून आत शिरलेले असते. त्यावर लावावयाचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम कोठे ठेवले आहे, हे विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजे. यंत्र उघडण्यापूर्वी त्याचा वीजपुरवठा तोडावयाचा, कळीला स्वतःचे कुलूप लावावयाचे, त्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी अडकवावयाची आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवावयाची, हा नियम मोडणाऱ्याला कारखान्यात थारा नसतो. ‘दुसऱ्याने बंद केले असेल’ ही समजूत येथे प्राणावर बेतू शकते.

शेवटी येते ते आकड्यांचे वाचन. बेल टेलिफोनच्या उद्योगसमूहातील वॉल्टर श्युहार्ट या शास्त्रज्ञाने १९२४ साली एक साधा आलेख सुचविला. मधोमध सरासरीची रेषा, वर व खाली मर्यादेच्या रेषा, आणि मोजमापांचे ठिपके. एखादा ठिपका मर्यादेबाहेर गेला तर कोणीही सावध होईल. परंतु सर्व ठिपके मर्यादेच्या आत असूनही सलग आठ ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर यंत्र हळूहळू बिघडत आहे असे समजावे, ही दृष्टी शिक्षणानेच येते. अशा वेळी वरिष्ठांची वाट न पाहता काम थांबविण्याचा अधिकार चांगल्या कारखान्यात तंत्रज्ञाला असतो. लक्षावधी रुपयांचा माल अडवून धरण्याची ही जबाबदारी आहे. मुकादमाच्या हाकेवर उठणाऱ्या व बसणाऱ्या मजुराच्या कामात आणि या कामात हाच मोठा भेद आहे.

पाळी संपताना पुढील माणसासाठी नोंद लिहावी लागते. काय बिघडले, काय केले, काय राहिले, हे चार ओळींत निःसंदिग्धपणे लिहिता आले पाहिजे. म्हणून या अभ्यासक्रमांत भाषा व लेखन यांनाही स्थान असते, ही गोष्ट भाषेची जोपासना करणाऱ्या मंडळांना समाधान देणारी आहे.

कारखाना कोठे गेला?

ड्रेस्डेनलाच चिपचे कारखाने का आले, याचे उत्तर तेथील इतिहासात आहे. पूर्व जर्मनीच्या राजवटीत १९६१ साली तेथे सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिकीच्या संशोधनाची संस्था निघाली आणि तिच्याभोवती कुशल माणसांची पिढी घडली. ती राजवट कोसळली, जुने उद्योग बंद पडले, परंतु शिकलेले हात शहरातच राहिले. १९९० नंतर परदेशी कंपन्या तेथे आल्या, त्यामागे सरकारी साहाय्याइतकेच या हातांचेही आकर्षण होते. सिंगापूरनेही तेच केले. पॉलिटेक्निक १९५४ साली निघाले, पहिले अमेरिकन चिप-कारखाने १९६० नंतरच्या दशकात आले, आणि शाळा व कारखाना एकमेकांच्या आधाराने वाढले. न्यूयॉर्क राज्यात ग्लोबलफाउंड्रीजचा कारखाना उभा राहत असताना हडसन व्हॅली कम्युनिटी कॉलेजने माल्टा गावातच ‘टेक-स्मार्ट’ नावाचे शिक्षणकेंद्र २०१० साली उघडले. पूर्वी दुसरा धंदा केलेल्या माणसालाही कम्युनिटी कॉलेजात नव्याने शिकता येते, हे या संस्थांचे मोठे वैशिष्ट्य आहे. ॲरिझोनातील मॅरिकोपा कम्युनिटी कॉलेजांनी २०२२ साली तर दहा दिवसांचा प्रवेशपाठ सुरू केला. त्यात कोणीही येऊन, हे काम आपल्याला मानवते की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

अबुधाबीच्या विमानतळाजवळील कारखाना मात्र प्रत्यक्षात उतरला नाही. योजना पुढे ढकलली गेली आणि मग तिचे नाव मागे पडले. ग्लोबलफाउंड्रीजची मालकी पुढे अबुधाबीच्या ‘मुबादला’ या गुंतवणूक संस्थेकडे आली. २०२१ साली कंपनीचे भाग अमेरिकेच्या शेअरबाजारात विक्रीस आले, तरी बहुसंख्य भाग मुबादलाकडेच राहिले. म्हणजे कारखान्यांची मालकी अबुधाबीची, पण ते चालविणारे हात ड्रेस्डेनचे, सिंगापूरचे व न्यूयॉर्क राज्यातील खेड्यांचे. नफा मालकाला मिळतो, यात शंका नाही. परंतु कसब ज्याच्या हाताला वळते, त्याच्याच गावी ते मुक्काम करते.

तथापि तो प्रयत्न वाया गेला असे म्हणता येणार नाही. मुबादलानेच अल ऐन येथे २००९ साली ‘स्ट्राटा’ नावाचा विमानांचे भाग तयार करणारा कारखाना स्थापिला आणि २०१० पासून तेथे उत्पादन सुरू झाले. कार्बनच्या तंतूंचे पट्टे स्वच्छ दालनात अचूक कोनात एकावर एक अंथरून तेथे एअरबस व बोइंगच्या विमानांचे भाग घडतात. हे काम करणाऱ्यांत अमिराती मुलींची संख्या लक्षणीय आहे. ज्या समाजात शिकलेला तरुण सरकारी कचेरीतील खुर्चीचीच वाट पाहत असे, तेथील मुलींनी कारखान्याची पाळी पत्करली, ही घटना चिपच्या एखाद्या कारखान्याहून कमी मोलाची नाही. मस्दार इन्स्टिट्यूट ही संस्था २०१७ साली खलिफा विद्यापीठात विलीन झाली, आणि तेथे चिपचे आराखडे व सूक्ष्म-निर्मिती यांचे अध्ययन चालू राहिले आहे. २०२५ च्या मे महिन्यात अबुधाबीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणकांचे प्रचंड केंद्र उभारण्याची घोषणा झाली. त्या केंद्राला लक्षावधी चिप लागतील आणि त्या बाहेरूनच आणाव्या लागतील. विद्या घरात नसली की धनवानालाही दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते द्यावे?

परप्रांतीयाच्या हातातील विद्या

अमिरातींत राहणाऱ्या लोकांत बहुसंख्य परदेशी आहेत आणि त्यांत भारतीयांचा समूह सर्वांत मोठा आहे. यांत मराठी माणसेही आहेत. कोणी आयटीआयमधून फिटर होऊन आले, कोणी वीजतंत्री, कोणी अभियंते. त्यांचे येणेही करारावरचेच असते. म्हणून मॉरिशसच्या मराठी वाचकाला त्यांच्याविषयी सहजच आपुलकी वाटेल, आणि थोडी काळजीही.

जुन्या करारात व आजच्या करारात कायद्याने फरक पडला आहे, हे नमूद केले पाहिजे. २०२२ च्या फेब्रुवारीपासून अमलात आलेल्या अमिरातींच्या कामगार कायद्याप्रमाणे मालकाला कामगाराची अधिकृत कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत आणि भरतीचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येत नाही. करार संपल्यावर कामगाराने मागितल्यास त्याला अनुभवाचा दाखला द्यावा लागतो. कायदा कागदावर असणे आणि तो प्रत्येक छावणीतील प्रत्येक माणसापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते, हे मजुरांच्या वंशजांना सांगण्याची आवश्यकता नाही. तरीही त्या दाखल्याचे महत्त्व मोठे आहे. ज्याच्या दाखल्यावर ‘मजूर’ एवढेच लिहिलेले असते, त्याला दुसऱ्या दारी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. ज्याच्या दाखल्यावर निर्वात यंत्रणेची देखभाल किंवा नियंत्रण-मंडलांची दुरुस्ती अशी नोंद असते, तो आपली किंमत बरोबर घेऊनच जातो.

भारत सरकारने २०२२ च्या मार्चमध्ये दुबईच्या जागतिक प्रदर्शनात ‘तेजस’ नावाची योजना सुरू केली. अमिरातींत काम करू इच्छिणाऱ्या भारतीयांना कसब शिकवावे व त्याचे प्रमाणपत्र द्यावे, हा तिचा उद्देश होय. भारतातही २०२१ च्या डिसेंबरात अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आणि गुजरातेत साणंद व धोलेरा येथे कारखान्यांची कामे निघाली. या कारखान्यांना लागणारे तंत्रज्ञ कोठून येणार, हा अबुधाबीपुढे उभा राहिलेला प्रश्न आता भारतापुढेही आहे.

खुर्ची आणि हत्यार

या विषयाला एक नाजूक बाजू आहे. ज्यांच्या पूर्वजांनी कोयता हातात धरून अपमान सोसला, त्यांच्या घरांत हाताच्या कामाविषयी स्वाभाविकच तिटकारा उत्पन्न झाला. ‘आम्ही मळ्यात राबलो, तू टेबलावर बस,’ असे म्हणून बापाने मुलाला शाळेत घातले. त्या त्यागामुळेच समाजात शिक्षक, वकील, डॉक्टर व अधिकारी निर्माण झाले. त्या त्यागापुढे नतमस्तक होणेच योग्य. पण त्याच भावनेतून तंत्रज्ञाच्या शिक्षणाला दुय्यम मानण्याची वृत्ती बळावली असेल, तर तिचा फेरविचार झाला पाहिजे. परीक्षेत मागे पडलेल्या मुलासाठी धंदेशिक्षण, अशी वाटणी अनेक घरांत आजही होते. वर पाहिलेल्या अभ्यासक्रमात गणित, रसायन, विद्युत्‌शास्त्र व लेखन यांचा जो कस लागतो, तो पाहता ही वाटणी किती चुकीची आहे हे सांगावयास नको.

मराठी मुलखाच्या परंपरेतही याचे दाखले आहेत. ज्या मुंबई बंदरातून करारी मजुरांची जहाजे सुटत, त्याच मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ घडवू लागली. तेथे शिक्षक असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे १९१० साली औंध संस्थानातील उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. आसपासच्या खेड्यांतील, यंत्र कधी न पाहिलेल्या माणसांना हाताशी धरून त्यांनी लोखंडी नांगर तयार केले. त्या माळावर पाणी नव्हते, पैसा बेताचा होता. पण शिकविण्याची चिकाटी होती. अबुधाबीपाशी पैसा अमाप होता, आणि तिला शिकविण्याच्या कामाला वेळ देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवून पाहिली म्हणजे तंत्रशिक्षणाला आडवाट नसते, ही गोष्ट मनावर ठसते.

मॉरिशसनेही १९७० साली निर्यात-उद्योगांचा कायदा करून उसावरील आपले संपूर्ण अवलंबन कमी केले, आणि मळ्यांतील घरांच्या लेकीबाळी कापडाच्या कारखान्यांत शिकून कमावत्या झाल्या. त्या पिढीने घराला हातभार लावला. पुढील पिढीला याहून बारीक, याहून जबाबदारीचे व अधिक मोलाचे काम शिकता येण्यासारखे आहे. चिपचा कारखाना प्रत्येक देशात निघेल असे नाही. लहान बेटावर तर तो निघणे अवघडच. परंतु निर्वात यंत्रणा, नियंत्रण-मंडले, स्वच्छ दालने आणि आकड्यांचे वाचन या विद्या औषधांच्या कारखान्यात, रुग्णालयाच्या यंत्रशाळेत, विमानांच्या दुरुस्तीत व सौरविद्युत् केंद्रात तितक्याच उपयोगी पडतात.

तेव्हा या वर्षी ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी शालान्त परीक्षेला बसत असेल, तेथे वडीलधाऱ्यांनी एवढे अवश्य करावे. जवळच्या पॉलिटेक्निकचा वा तंत्रशाळेचा अभ्यासक्रम मागवून घ्यावा, तो मुलांसह वाचावा, आणि शक्य असल्यास एखादा दिवस तेथील कर्मशाळा पाहून यावे. पदवीची हौस असलेल्यांना या वाटेने पुढे पदवीपर्यंतही जाता येते. मंडळांनी आपल्या शिष्यवृत्त्यांत तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक तरी जागा राखून ठेवावी. परदेशी करारावर जाणाऱ्या तरुणाने करारात वेतनाचा आकडा पाहावा तसा शिकण्याच्या संधीचाही उल्लेख पाहावा, आणि परतताना कामाचा तपशील लिहिलेला दाखला मागून घ्यावा.

पूर्वजांचा अंगठा करारावर उठला, तेव्हा त्या कागदावर काय लिहिले आहे हे पुष्कळांना वाचता येत नव्हते. त्यांच्या पणतवंडांना तो कागद वाचता येतो, त्यावर सही करता येते, आणि आपल्या कामाची नोंद स्वतःच्या हाताने लिहिता येते. एवढी पुंजी जवळ असताना हातात विद्या घेण्याचा संकोच त्यांनी का करावा?